गुराबेची रेडिओ-नियंत्रित प्रतिकृती
कान्होजी आंग्रे (मृत्यू १७२९) यांच्या आरमारातील गुराब ही दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, उथळ बुडाची युद्धनौका होती. तिची तरती प्रतिकृती करताना खरी अडचण तोलाची असते. ३०० टन जलविस्थापनाच्या नौकेची १:५० प्रमाणातील प्रतिकृती अवघी २.४ किग्रॅ. भरते, वजन लांबीच्या घनाच्या, तर शिडांचे क्षेत्र केवळ वर्गाच्या प्रमाणात घटते. वारा मात्र लहान होत नाही. त्यामुळे अशी प्रतिकृती साध्या झुळुकेनेही कलंडते. म्हणून बुडाखाली शिशाचा भार असलेले, काढता येणारे पाते जोडतात. मूळ गुराबेत ते नव्हते. परंतु पाण्याखाली दिसत नसल्याने ही तडजोड क्षम्य ठरते. काठावरील प्रेषकाचे संदेश घेणारा ग्राही, विद्युत् घटमाला आणि सुकाणू व शिडांचे दोर ओढणारी छोटी चलित्रे शक्य तितकी खाली बसवितात.