पोटरीतली गुठळी, छातीतला धोका
ऑपरेशन होऊन माणूस घरी येतो आणि काही दिवसांत त्याचा एकच पाय सुजतो. पोटरी जड, गरम लागते, दाबली की दुखते. आपल्याकडे लगेच तेल लावून पाय चोळला जातो. कृपा करून चोळू नका, डॉक्टरांना दाखवा. खोलवरच्या शिरेत रक्ताची गुठळी असेल, तर ती सुटून हृदयाच्या उजव्या कप्प्यांतून फुप्फुसाच्या धमनीत जाऊन अडकू शकते. मग अचानक धाप लागते, श्वास घेताना छातीत कळ येते, कधी खोकल्यातून रक्त पडते, कधी शुद्ध हरपते. अशा वेळी सकाळची वाट पाहायची नाही; 108ला फोन करायचा.

फुप्फुसातली गुठळी बहुधा पायातून आलेली असते, हे रुडॉल्फ फिरशॉ या जर्मन डॉक्टरांनी 19व्या शतकातच दाखवून दिले. खुब्याचे मोडलेले हाड, कॅन्सर, बाळंतपण, काही गर्भनिरोधक गोळ्या, तासन्‌तास बसून केलेला प्रवास यांनी धोका वाढतो. पायाची डॉपलर सोनोग्राफी आणि छातीची सीटी अँजिओग्राफी यांतून निदान होते.

हेपारिनसारखी औषधे गुठळी वाढू देत नाहीत. झालेली गुठळी विरघळवायचे काम शरीर हळूहळू स्वतःच करते. म्हणून गुठळी रोखणाऱ्या गोळ्या साधारण किमान 3 महिने घ्याव्या लागतात. सूज उतरली म्हणून त्या आपल्या मनाने बंद केल्या, तर नवी गुठळी होऊ शकते.