सोडलेल्या मार्लिनचं पुढे काय होतं?

अमेरिकेच्या मेरीलँड राज्यातलं ओशन सिटी हे गाव पांढऱ्या मार्लिनसाठी प्रसिद्ध आहे. तिथून खोल समुद्रात गेलेल्या बोटी आमिष लावलेले गळ मागे ओढत फिरतात. याला ट्रोलिंग म्हणतात. भाल्यासारख्या चोचीचा मार्लिन आमिषावर झेपावतो, झुंज होते, आणि दमून बोटीजवळ आलेला मासा बहुतेक वेळा सोडून दिला जातो. क्षणात तो निळ्या पाण्यात दिसेनासा होतो. तो वाचला, असं आपण धरून चालतो. पण खरंच वाचतो का?

शंका घ्यायला कारण आहे. मार्लिनला एका जागी थांबून श्वास घेता येत नाही. तोंड उघडं ठेवून तो सतत पोहतो आणि त्या वेगामुळेच पाणी कल्ल्यांवरून वाहतं. गळाला लागल्यावर त्याचे स्नायू साठवलेली ऊर्जा ऑक्सिजनशिवाय जाळू लागतात आणि रक्त आम्लधर्मी होत जातं. शर्यत संपल्यावर धावपटू खाली बसून धापा टाकू शकतो. मार्लिनला धाप टाकण्यासाठीही पोहावंच लागतं.

उत्तर मिळवायचं तर माशासोबत जायला हवं. ते काम एक वीतभर लांबीचं यंत्र करतं. ते माशाच्या पाठीवरच्या पराजवळ स्नायूत अडकवतात. खोली, तापमान आणि उजेड यांच्या नोंदी ते ठेवत राहतं. उजेडावरून सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा काढता येतात आणि त्यावरून मासा साधारण कुठे होता, तेही. ठरलेल्या दिवशी यंत्र एका बारीक पिनेतून वीज सोडतं, खाऱ्या पाण्यात ती पिन झिजून तुटते, यंत्र वर तरंगतं आणि उपग्रहाला सगळी हकिगत कळवतं! जिवंत मार्लिनच्या आलेखात खोलीची रेघ सारखी वरखाली होते. मेलेल्याची रेघ खाली जाते आणि पुन्हा वर येत नाही.

व्हर्जिनिया इन्स्टिट्यूट ऑफ मरीन सायन्सचे अँड्री होरोडिस्की आणि जॉन ग्रेव्हज यांनी अशी यंत्रं लावून सोडलेल्या पांढऱ्या मार्लिनचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध केला. नेहमीच्या सरळ दांडीच्या गळाने पकडलेल्या माशांपैकी ६५ टक्के जगले. सर्कल हुक या गोलसर गळाने पकडलेले मात्र १०० टक्के!

एवढा फरक कशाने पडला? सर्कल हुकचं टोक बाहेर रोखलेलं नसून आत, दांडीकडे वळलेलं असतं. माशाने आमिष गिळलं तरी दोर ताणला जाताच हा गळ घशात न रुतता सरकत बाहेर येतो आणि जबड्याच्या कोपऱ्यात वळून अडकतो. सरळ गळ घशात किंवा पोटात घुसू शकतो, तिथे नाजूक अवयव फाटतात. अट एकच: मासा लागला की हिसका द्यायचा नाही, दोर हळूहळू ताणू द्यायचा. २००८ पासून अमेरिकेतल्या अटलांटिक बिलफिश (मार्लिनसारखे लांब चोचीचे मासे) पकडण्याच्या स्पर्धांमध्ये नैसर्गिक आमिषासोबत सर्कल हुकच वापरावा लागतो. सोडायचा मासा पाण्याबाहेर काढायचा नाही, असाही तिथे नियम आहे. उचललेल्या माशाचे कल्ले हवेत एकमेकांना चिकटतात, म्हणजे श्वासाची सर्वांत जास्त गरज असतानाच तो बंद पडतो. म्हणून जाणकार कप्तान दमलेल्या मार्लिनची चोच धरून त्याला पाण्यातच ठेवतात आणि बोट संथ पुढे नेतात. तोंडातून पाणी वाहू लागतं, अंगाचा रंग उजळतो, शेपटी जोर धरते, आणि मगच हात सुटतो.

सोडायचाच असेल तर मासा पकडावाच कशाला, हा प्रश्न तरीही उरतो. स्वित्झर्लंडमध्ये केवळ सोडून देण्यासाठी मासा पकडायला कायद्याने मनाई आहे. या आक्षेपात तथ्य आहे, कारण गळ माशाला सोसावाच लागतो. म्हणून ज्याला हा खेळ खेळायचा आहे, त्याची जबाबदारी किनाऱ्यावरच सुरू होते. कोणता गळ बांधायचा, झुंज लवकर संपेल इतका दणकट दोर घ्यायचा का, फोटोचा मोह आवरायचा का, हे सगळं बोट निघण्याआधीच ठरतं. मार्लिनचं जगणं-मरणं बरंचसं तिथेच ठरलेलं असतं.