झेंडू, कमळ आणि 'मराठा'

दसऱ्याच्या आदल्या दिवशी वाशीमच्या बाजारात झेंडूचे ढीग लागतात. त्याच फुलाचं नाव लावलेल्या युद्धनौकेने एक जर्मन पाणबुडी बुडवली होती, असं सांगितलं तर पहिली शंका येते ती हीच: फुलाचं नाव असलेली बोट लढाऊ कशी असेल? पाहुण्यांना फिरवायची, शोभेची असेल.

तशी ती नव्हती. ब्रिटिश नौदलाच्या 'फ्लॉवर' वर्गातल्या 'मॅरिगोल्ड'ने 16 नोव्हेंबर 1941 रोजी भूमध्य समुद्रात यू-433 ही पाणबुडी बुडवली. वर्षभराने, 9 डिसेंबर 1942 रोजी, अल्जीयर्सजवळ इटालियन विमानाच्या टॉर्पेडोने तीही गेली. 'लोटस', म्हणजे कमळ, हिने 'स्टारवर्ट'च्या साथीने नोव्हेंबर 1942 मध्ये यू-660 बुडवली.

मात्र या बोटी फार वेगवान आणि बलाढ्य होत्या, हाही गैरसमजच. जेमतेम 205 फूट लांबी, समोर एक चार इंची तोफ, मागे पाणबुडीवर टाकायचे, पाण्याखाली फुटणारे बॉम्ब आणि वेग 16 नॉट, म्हणजे ताशी साधारण 30 किलोमीटर. पाण्यावर आलेली जर्मन पाणबुडी यांच्याहून जोरात पळे. आराखडा व्हेल पकडणाऱ्या बोटीवरून घेतलेला. त्यामुळे व्यापारी बोटी बांधणाऱ्या लहान गोद्यांतही त्या झटपट तयार होत. युद्धात ही घाई फार मोलाची होती, कारण मालवाहू जहाजांच्या काफिल्यांना राखणदार कमी पडत होते. माणसांचे हाल मात्र विचारू नका. ओल्या गवतावरही ही बोट हेलकावे खाईल, असं खलाशी म्हणत. अटलांटिकच्या लाटांत झोपायच्या जागेपर्यंत पाणी येई, आणि त्याच ओल्या कपड्यांत पुन्हा पहाऱ्यावर जावं लागे. मला या बोटींचं मोठेपण त्यांच्या तोफेपेक्षा या सोसण्यात दिसतं.

फुलांची नावं दुसऱ्या महायुद्धात सुचली असंही नाही. पहिल्या महायुद्धातही ब्रिटिशांनी एका वर्गाला हीच नावं दिली होती. एका वर्गाच्या बोटींना एकाच जातीची नावं द्यायची, ही नौदलाची जुनी रीत. आपल्याकडे नाही का, निलगिरी, हिमगिरी, तारागिरी?

आता आपल्या जवळची गोष्ट. फुलांच्या बोटींचा भारताशी संबंध नाही, असं समजू नका. 1945-46 मध्ये यातल्या चार बोटी रॉयल इंडियन नेव्हीकडे आल्या आणि फुलांची नावं जाऊन प्रदेशांची आली. 'बगलॉस'ची 'आसाम' झाली, 'बेटनी'ची 'सिंध', 'बर्नेट'ची 'गोंडवाना' आणि 'चारलॉक'ची 'मराठा'. चारलॉक म्हणजे रानमोहरी, युरोपातल्या शेतकऱ्याला छळणारं पिवळ्या फुलांचं तण.

इथेच सर्वांत मोठा घोटाळा होतो. 'मराठा' नावाची युद्धनौका उत्तर ध्रुवाकडच्या थंड समुद्रात बुडाली, ही गोष्ट खरी आहे. पण ती ही नव्हे. ती ब्रिटिश नौदलाची विनाशिका, एचएमएस 'मराठा'. रशियाला रसद नेणाऱ्या काफिल्याचं रक्षण करताना 25 फेब्रुवारी 1944 रोजी बॅरेंट्स समुद्रात यू-990 ने तिला टॉर्पेडो मारला. दोनशेहून अधिक खलाशी गेले, हाताच्या बोटांवर मोजण्याइतके वाचले. रानमोहरीची एचएमआयएस 'मराठा' भारतीय ताफ्यात आली तेव्हा युद्ध संपलेलं होतं. एकीचं मरण दुसरीच्या नावावर लिहिणं, हा त्या गेलेल्यांवर अन्याय आहे.

'सिंध' आणि 'गोंडवाना' पुढे थायलंडने घेतल्या. 'सिंध'ची 'प्रासे' झाली आणि कोरियन युद्धात, जानेवारी 1951 मध्ये, हिमवादळात किनाऱ्यावर रुतून संपली. या वर्गाची एकच बोट आज जगात उरली आहे, कॅनडातल्या हॅलिफॅक्स बंदरात. कॅनडाने आपल्या बहुतेक बोटींना गावांची नावं दिली होती, म्हणून तिचं नाव फुलाचं नाही. ती आहे 'सॅकव्हिल'.