रंगाची गन चालवताना

स्प्रे गन रंगाचे अतिशय बारीक थेंब करून ते पृष्ठभागावर सोडते. अमेरिकेत ओहायो राज्यातील टोलेडो शहरात ॲलन डीव्हिल्बिस नावाच्या डॉक्टरांनी घशात औषध फवारण्याचे उपकरण तयार केले होते. त्यांचा मुलगा थॉमस याने 1907 मध्ये तेच तत्त्व रंगासाठी वापरले. 1920च्या दशकात मोटारींच्या कारखान्यांत झटपट सुकणारे नायट्रोसेल्युलोज लॅकर आले. ब्रश ओढेपर्यंत ते सुकायला लागे, त्यामुळे तिथे ब्रशची जागा गनने घेतली. आज गॅरेज, फर्निचरची वर्कशॉप, फॅब्रिकेशनच्या शेड, पेणचे गणेशमूर्तींचे कारखाने आणि नव्या इमारतींच्या भिंती या सगळीकडे गन चालते. तिच्यामुळे होणाऱ्या इजांपैकी सर्वांत गंभीर इजा सुरुवातीला जवळपास दिसतच नाहीत, म्हणून त्या नीट समजून घेणे गरजेचे आहे.

गनचे मुख्य प्रकार दोन. एअर गनमध्ये कॉम्प्रेसरची हवा रंग फोडते आणि गनपाशी दाब साधारण 2 ते 4 बार असतो. एअरलेस मशीनमध्ये पंप रंगच दाबतो आणि एक मिलिमीटरहून लहान छिद्रातून बाहेर काढतो. हा दाब 200 बारच्या आसपास किंवा त्याहून जास्त असतो. मोटारीच्या टायरमधली हवा जेमतेम 2 ते 2.5 बारची असते. भिंतींच्या कामासाठी ही मशीन भाड्यानेही मिळते. चालवायला ती सोपी वाटते, पण तिची धार त्वचा सहज भेदते.

टिप तुंबली म्हणून बोटाने पुसणे, धार येते का हे पाहायला हात पुढे धरणे, गळणाऱ्या नळीवर बोट दाबणे, अशा क्षणी रंग बोटात शिरतो. जखम सुई टोचल्याएवढी दिसते आणि सुरुवातीला दुखतही नाही. आत मात्र रंग स्नायुबंधांच्या आवरणातून तळव्याकडे पसरलेला असतो. काही तासांत सूज येते, रक्तपुरवठा अडतो आणि पेशी मरू लागतात. थिनरवर चालणारा रंग असेल तर नुकसान आणखी वाढते. ही तातडीच्या शस्त्रक्रियेची अवस्था आहे. उशीर झाला तर बोट कापावे लागण्याची शक्यता वाढते. पट्टी बांधून किंवा धनुर्वाताचे इंजेक्शन घेऊन घरी जाणे घातक ठरते. अंगठी काढावी, हात उंच धरावा, जखम दाबू नये आणि रंगाचा डबा बरोबर घेऊन थेट हाताची शस्त्रक्रिया होणाऱ्या रुग्णालयात जावे. दाबाच्या मशीनने रंग आत गेला आहे, हे डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगावे. पाण्यावरचा इमल्शन आहे म्हणून ही इजा किरकोळ ठरत नाही.

हे टाळण्याचा क्रम ठरलेला आहे. आधी मशीन बंद करायची, ट्रिगरला लॉक लावायचा, व्हॉल्व्ह फिरवून दाब सोडायचा, गन धातूच्या बादलीच्या कडेला टेकवून ट्रिगर दाबायचा आणि उरलेला दाब काढून पुन्हा लॉक लावायचा. टिप काढणे किंवा साफ करणे त्यानंतर. टिपेपुढचा गार्ड काढून काम करू नये. एअर गनची शिस्त वेगळी. कॉम्प्रेसरच्या टाकीत साठणारे पाणी रोज काढावे, कारण गंज टाकीचा पत्रा आतून खातो. काम संपल्यावर याच हवेने अंगावरची धूळ झटकण्याची सवय अनेक वर्कशॉपमध्ये दिसते. दाबाची हवा जखमेतून, कानातून किंवा डोळ्यातून आत शिरू शकते. ती अंगाकडे कधीच वळवू नये.

थिनरमध्ये बहुधा टोल्युइन, झायलिन, ॲसिटोन यांसारखी द्रावके असतात. टोल्युइनची वाफ साधारण 4 अंश सेल्सिअसलाच पेट घेण्याजोगी होते, म्हणजे आपल्याकडे बाराही महिने. ती हवेपेक्षा सुमारे तिप्पट जड असल्याने जमिनीलगत पसरते, पायऱ्या उतरते आणि दूरच्या पायलट लाइटपर्यंत किंवा वेल्डिंगच्या ठिणगीपर्यंत पोहोचते. गनमधून वेगाने जाणारा रंग स्थिर विद्युत तयार करतो. म्हणून मशीन, रंगवायची धातूची वस्तू आणि बादली या सगळ्यांना अर्थिंग हवे, आणि नळीही स्थिर विद्युत वाहून नेणारी, मशीनसाठीच बनवलेली हवी. खोलीतला साधा टेबलफॅन रंगाचे धुके हलवतो खरा, पण त्याची मोटर ठिणगी पाडू शकते.

सर्वांत मोठे नुकसान मात्र श्वासातून होते, आणि ते वर्षानुवर्षे साचत जाते. साध्या गनमधला बराचसा रंग वस्तूवर न बसता हवेत तरंगतो. मोटारींच्या आणि फर्निचरच्या दोन भागांच्या पीयू (पॉलियुरेथेन) रंगात हार्डनर मिसळतात. त्यात आयसोसायनेट वर्गातील रसायने असतात. 1984 मध्ये भोपाळमध्ये पसरलेला वायू याच वर्गातला, पण रसायन वेगळे. धोकादायक पातळीलाही या रसायनांचा वास येत नाही आणि धुके डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे कारागिराला काहीच जाणवत नाही. त्यांनी होणारा दमा ब्रिटनसारख्या देशांत व्यवसायजन्य दम्याच्या प्रमुख कारणांपैकी एक मानला जातो. एकदा शरीर संवेदनशील झाले की अत्यल्प मात्राही झटका आणते. छाती जड होणे आणि रात्री खोकला येणे, पण सुट्टीच्या दिवशी बरे वाटणे, हे महत्त्वाचे लक्षण आहे. असे जाणवताच पीयूचे काम थांबवून छातीच्या डॉक्टरांकडे जावे. त्वचेवाटेही संवेदनशीलता येऊ शकते, म्हणून नायट्राइलचे हातमोजे वापरावेत.

तोंडाला बांधलेला रुमाल इथे उपयोगाचा नाही. एन-95 मास्क थेंब अडवतो, वाफ नाही. त्यासाठी सक्रिय कोळशाचे कार्ट्रिज आणि पुढे कणांचा फिल्टर असलेला मास्क लागतो, तोही दाढी नसलेल्या चेहऱ्यावर घट्ट बसणारा. आयसोसायनेटसाठी नळीने ताजी हवा देणारा हूड सर्वांत भरवशाचा. त्याची हवा कुठून घेतली आहे हे पाहावे, कारण गाडीचा धूर किंवा तापलेल्या कॉम्प्रेसरचा कार्बन मोनॉक्साइड हूडमध्ये येऊ शकतो. फवारणी थांबल्यावर चमक पाहण्यासाठी लगेच हूड वर करण्याची ओढ सर्वांनाच असते. धुके मात्र अनेक मिनिटे तरंगत राहते. ते खोलीतून किती वेळात जाते हे धुराने तपासून तेवढा वेळ थांबणे आवश्यक आहे.

पेणसारख्या ठिकाणी काम ऐन पावसाळ्यात चालते. मूर्ती भिजू नयेत म्हणून शेड ताडपत्रीने बंद केलेली असते आणि रंगाचा धुरळा आतच राहतो. एका टोकाला हवा आत आणि दुसऱ्या टोकाला एक्झॉस्ट, मध्ये रंगारी, अशी मांडणी केली तर फरक पडतो. हवा त्याच्या पाठीमागून येऊन मूर्तीवरून पुढे जायला हवी. जुना रंग खरवडताना शिशाचाही विचार करावा. भारतात घरगुती रंगांतील शिशावर 90 पीपीएमची मर्यादा 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. त्याआधीच्या थरांची धूळ कोरड्या सँडपेपरने उडवू नये, पाण्याचा पॉलिश पेपर वापरावा.

गन धुण्याच्या वेळी बहुतेक जण मास्क काढतात, आणि त्याच वेळी थिनर उघड्या हवेत फवारला जातो. गन खोलून, थिनर भांड्यात घेऊन, ब्रशने धुवावी. तेलयुक्त रंगाच्या चिंध्या गोळा करून ठेवल्या तर आपोआप पेटू शकतात; त्या पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या धातूच्या डब्यात टाकाव्यात. हार्डनरचा डबा ओलावा लागू न देता घट्ट बंद ठेवावा. ओलावा शिरलेला डबा फुगतो, आणि असा डबा उघडू नये.