फांदीखालचा निळा पापुद्रा

पावसात भिजून जमिनीवर कुजत पडलेली फांदी उलटी केली, तर काही जंगलांत तिच्या खालच्या अंगाला गडद निळा रंग दिसतो. झाडपाल्याच्या तपकिरी पसाऱ्यात असा निळा दुसरा शोधून सापडत नाही. ही टेराना सेरुलिया नावाची बुरशी. तिला छत्री नाही, देठ नाही. लाकडाला चिकटलेला पातळ पापुद्रा तेवढा डोळ्यांना दिसतो. ओला असताना तो मखमली असतो, वाळला की ठिसूळ होतो. बीजाणू या पापुद्र्यावरच तयार होतात आणि तोंड जमिनीकडे असल्यामुळे अलगद खाली सुटतात. बाकीची बुरशी लाकडाच्या आत असते. तिथे तिचे तंतू लाकडाला कडकपणा देणारं लिग्निन फोडून लाकूड पांढरं, भुसभुशीत करत राहतात.

युरोप, पूर्व आशिया, आफ्रिका, उत्तर अमेरिका अशा दूरदूरच्या उबदार, दमट रुंदपर्णी जंगलांत ती आढळते. २००९मध्ये जर्मनीतल्या कवकतज्ज्ञांच्या संघटनेने तिला 'वर्षाची बुरशी' म्हणून निवडलं. इजा झाली की ती कॉर्टॅलसेरोन नावाचं प्रतिजैविक तयार करते, हेही विशेषच.

मला मात्र तिच्या रंगाहून तिच्या नावांचा इतिहास अधिक मोलाचा वाटतो. १७७९मध्ये लामार्कने तिला 'बिसस' या प्रजातीत टाकलं. त्या काळी कापसासारखं किंवा भुकटीसारखं जे दिसेल ते, मग ते शेवाळ असो, दगडफूल असो की बुरशी, बिससमध्ये जाई. १८३८मध्ये एलियास फ्रीस यांनी तिला 'कॉर्टिसियम'मध्ये नेलं. १८९१मध्ये ओटो कुंट्झे यांनी 'टेराना' हे नाव दिलं. पण १९६८मध्ये एस्टोनियाचे एरास्ट पारमास्टो यांनी तिच्यासाठी 'पुल्चेरिसियम' ही नवी प्रजाती केली आणि तेच नाव बराच काळ चाललं. शेवटी जुन्या नावाला मान, या नियमाने टेराना कायम झालं.

एवढी हलवाहलव झाली, कारण वर्गीकरणाचा सगळा भर बाह्य रूपावर होता. पडदे असलेल्या बुरशी एकीकडे, छिद्रं असलेल्या दुसरीकडे आणि सपाट पापुद्र्यासारख्या सगळ्या कॉर्टिसिएसी या एकाच कुलात. डीएनएने ही मांडणी मोडीत काढली. पापुद्र्याचं रूप बुरशींच्या कितीतरी वेगवेगळ्या वंशांत दिसतं. स्टेरियम हिर्सुटम ही पापुद्र्यासारखीच वाढणारी बुरशी, पण तिचा गण आहे रसुलेल्स, म्हणजे रसुला या छत्रीवाल्या अळंब्यांचा. टेराना मात्र छिद्रवाल्या बुरशींच्या पॉलिपोरेल्स गणात, फॅनेरोकीटेसी कुलात बसते. फॅनेरोकीटे क्रायसोस्पोरियम ही तिची भाऊबंद. अळंब्यांच्या या अफाट गटात, बॅसिडिओमायसीटमध्ये, सर्वांत आधी जनुकसंच उलगडला तो या क्रायसोस्पोरियमचाच, २००४मध्ये.

असे पापुद्रे आपल्या सह्याद्रीतही पावसाळ्यात पडक्या लाकडावर असतात. दिसले तर फोटो घ्या आणि लाकूड कोणत्या झाडाचं आहे तेही टिपून ठेवा. ओळख पटवताना त्याचा उपयोग होतो. आणि फांदी होती तशीच परत पालथी ठेवा.