गावचं पाणी (लेखांक 7) : कार्ड हिरवं, पण पाणी कसं?

मागच्या लेखांकात पाणी निर्जंतुक करणारी टीसीएल (ब्लीचिंग) पावडर किती आणि कशी मिसळायची, क्लोरीन उरलं आहे का हे पाहणाऱ्या ओटी चाचणीत पाण्याला पिवळी छटा का यावी लागते, हे पाहिलं. त्यापुढचा प्रश्न माहितीचा आहे. आपण पितो त्या विहिरीची, बोअरची, हातपंपाची तपासणी होते आणि तिचे निकाल कागदावर येतात. पण पाणी भरणाऱ्या बाईला ते कधी कळतात का?

महाराष्ट्रात ग्रामपंचायतींच्या पिण्याच्या पाण्याच्या स्रोतांचं स्वच्छता सर्वेक्षण वर्षातून दोनदा होतं, पावसाळ्याआधी एप्रिलमध्ये आणि पावसाळा सरल्यावर ऑक्टोबरमध्ये. विहिरीचा कठडा धड आहे का, हातपंपाच्या ओट्याला भेगा पडल्यात का, आजूबाजूला सांडपाणी साचतं का, उकिरडा किती जवळ आहे, जलवाहिनीला गळती आहे का, टाकी धुतली जाते का, पंचायतीत टीसीएलचा साठा आहे का, असे प्रश्न त्यात असतात. उत्तरांवरून जोखीम ठरते आणि ग्रामपंचायतीला कार्ड मिळतं. जोखीम जास्त असेल तर लाल, मध्यम असेल तर पिवळं आणि कमी असेल तर हिरवं. सलग पाच वर्षं चांगली गेली, साथ आली नाही, तर चंदेरी कार्डाचा मान मिळतो.

ही पद्धत मला मोलाची वाटते. जंतूंसाठी पाणी तपासायचं तर निर्जंतुक बाटलीत नमुना घ्यावा लागतो, तो थंड ठेवून 24 तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचवावा लागतो आणि तिथे जंतू वाढतात का हे पाहायला आणखी वेळ जातो. अहवाल हाती येईपर्यंत त्या दिवशीचं पाणी गावाने पिऊन टाकलेलं असतं. सर्वेक्षण मात्र पुढे काय होऊ शकतं ते सांगतं. फुटका ओटा आज दिसला तर पहिल्या पावसाआधी तो बांधता येतो.

पण हिरवं कार्ड पाहून निर्धास्त होणारी गावं मोठी चूक करतात. कार्ड सांगतं ते साथीच्या रोगांच्या जोखमीविषयी. पाण्यात विरघळलेल्या क्षारांविषयी ते काहीच सांगत नाही. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांच्या काही भागांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार, म्हणजे आयएस 10500 नुसार, लिटरमागे 1 मिलिग्रॅम फ्लोराइड स्वीकारार्ह आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 मिलिग्रॅमपर्यंत चालवून घ्यावं असं म्हटलं आहे. त्याहून जास्त फ्लोराइडचं पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं की आधी मुलांच्या दातांवर डाग दिसतात. पुढे सांधे आखडतात, हाडं वाकतात, आणि वाकलेलं हाड परत सरळ होत नाही. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात पाणी वाईट आहे हे निदान जिभेला कळतं. फ्लोराइडला चवही नाही आणि वासही नाही. क्लोरीनने ते जात नाही. उकळल्यानेही जात नाही, उलट वाफ होऊन पाणी आटतं तसं त्याचं प्रमाण थोडं वाढतंच. नायट्रेटचंही तसंच आहे. शेतातल्या खतातून, शेणाच्या ढिगातून, शौचालयाच्या शोषखड्ड्यातून ते विहिरीत उतरतं. त्याची मर्यादा लिटरमागे 45 मिलिग्रॅम आहे आणि त्याचा सर्वाधिक धोका वरचं दूध पाण्यात कालवून घेणाऱ्या तान्ह्या बाळाला असतो.

म्हणून गावाने दोन वेगळे कागद मागायला हवेत. एक सर्वेक्षणाचं कार्ड आणि दुसरा रासायनिक तपासणीचा अहवाल. जलजीवन मिशनच्या नियमांप्रमाणे प्रत्येक स्रोताची रासायनिक तपासणी वर्षातून एकदा आणि जैविक तपासणी दोनदा व्हायची असते. शिवाय दर गावात पाच महिलांना फील्ड टेस्टिंग किट वापरायचं शिक्षण द्यायचं असतं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. नाममात्र शुल्कात सामान्य माणसालाही पाणी तपासून मिळावं, असं मिशनचं धोरण आहे. निकाल केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर चढवले जातात.

मग अडतं कुठे? संकेतस्थळावर स्रोताला संकेतांक असतो आणि गाव त्याच स्रोताला ‘शाळेजवळचा हातपंप’ किंवा ‘खालच्या आळीची विहीर’ म्हणून ओळखतं. कार्ड पंचायतीच्या कपाटात असतं. अहवालातल्या आकड्यांशेजारी मर्यादा छापलेली असली, तरी हे पाणी प्यावं की फक्त धुण्याभांड्यांना वापरावं, हे मराठीत एका ओळीत सांगणारं कुणी नसतं. माहिती आहे, पण ती घागरीपाशी नाही.

घागरीपाशी पोचली तर काय होतं, याचा मोठा दाखला बांगलादेशात आहे. तिथल्या लाखो नलकूपांच्या पाण्यात आर्सेनिक आढळलं. या शतकाच्या सुरुवातीला सुमारे 50 लाख नलकूप तपासले गेले. ज्यांचं पाणी धोक्याचं त्यांच्या तोटीला लाल रंग दिला आणि सुरक्षित असलेल्यांना हिरवा. ढाक्याजवळच्या आराईहजार भागात संशोधकांनी नंतर पाहिलं, तेव्हा आपला नलकूप धोक्याचा आहे असं कळलेल्या निम्म्याहून अधिक कुटुंबांनी वर्षभरात दुसरीकडून पाणी आणायला सुरुवात केली होती. त्यासाठी नवी योजना आली नव्हती. लोकांना फक्त नेमकं सांगितलं गेलं होतं की हा पंप वाईट आहे आणि तो पलीकडचा चांगला आहे.

शहराचीही माहितीच्या या तुटवड्यातून सुटका नाही. 2025 च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात जीबीएस (गुईलेन बॅरे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढू लागले. संशयित रुग्णांचा आकडा पुढे दोनशेच्या वर गेला. पुण्यालगतची नांदेड, किरकटवाडी, नांदोशी ही 2021 मध्ये महापालिकेत आलेली गावं त्यात होती. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला आणि संशय पाण्याकडे वळला. त्यानंतर विहीर, टँकर, खासगी आरओ केंद्रं या सगळ्यांची तपासणी झाली, काही आरओ केंद्रांचं पाणी दूषित निघालं आणि ती बंद करण्यात आली. आपल्या इमारतीत येणारं पाणी कुठल्या विहिरीतून येतं, त्यावर नुसतं क्लोरीन टाकतात की ते गाळलंही जातं, हे प्रश्न हजारो घरांना पडले ते माणसं अतिदक्षता विभागात गेल्यावर. हे उत्तर आधीपासून प्रत्येक नळधारकाच्या हाती असायला हवं होतं, असं माझं ठाम मत आहे.

पाण्याचा निकाल जाहीर केला तर घबराट होते, गावाची बदनामी होते, अशी भीती सरपंच आणि अधिकारी बोलून दाखवतात. फ्लोराइडग्रस्त गावात मुलांची लग्नं अडतात, तेव्हा ही भीती खोटी म्हणता येत नाही. पण निकाल झाकल्याने दात पांढरे होत नाहीत. लाल कार्ड ही गावाला दिलेली शिक्षाही नाही. दोष दूर करा आणि पुढच्या सर्वेक्षणात रंग बदला, एवढाच त्याचा अर्थ आहे.

कायदा या बाबतीत लोकांच्या बाजूने आहे. माहिती अधिकार अधिनियम, 2005 चं कलम 4 सांगतं की सार्वजनिक प्राधिकरणाने माहिती मागण्याची वाट न पाहता स्वतःहून, स्थानिक भाषेत जाहीर करावी. त्यासाठी सुचवलेल्या माध्यमांत सूचना फलक आहे. तरीही मिळाली नाही तर 10 रुपयांचं शुल्क भरून ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीच्या ग्रामसेवकाकडे) अर्ज करता येतो. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत हवा. उत्तर 30 दिवसांत मिळायला हवं. याच कायद्यात कामाची आणि अभिलेखांची पाहणी करण्याचा, इतकंच काय, साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क आहे. तो फार थोड्यांना ठाऊक आहे. शिवाय राज्य शासनाच्या 2018 च्या निर्णयाप्रमाणे जिल्हा परिषदेसारख्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळात नागरिकांना अभिलेख पाहता येतात.

अर्जात ‘पाण्याची सर्व माहिती द्यावी’ असं लिहू नका, उत्तरही तसंच मोघम येईल. गावातल्या प्रत्येक स्रोताचं नाव, संकेतांक, शेवटच्या रासायनिक आणि जैविक तपासणीची तारीख, निकाल आणि दोष आढळला असल्यास केलेली दुरुस्ती, एवढंच मागा. तारखेविना निकालाला अर्थ नाही आणि दुरुस्तीची नोंद नसेल तर नुसत्या दोषाच्या नोंदीने कुणाचं भलं होत नाही.

अर्ज करण्याआधी ग्रामसभेत विचारून पाहा. एप्रिलचं सर्वेक्षण आणि 1 मेची ग्रामसभा लागूनच येतात. त्या दिवशी ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीने कार्ड आणि अहवाल दोन्ही वाचून दाखवावेत आणि प्रत्येक हातपंपावर व विहिरीच्या कठड्यावर तपासणीची तारीख आणि ‘पिण्यास योग्य’ किंवा ‘पिण्यास अयोग्य’ हे शब्द ठळक रंगवावेत, असा ठराव मांडा. ठरावाला बायकांचे हात आधी वर येतील याची काळजी घ्या, कारण पाणी त्याच भरतात.