कोण कोणाला हसते?

विनोदाच्या अभ्यासात दोन प्रश्न पहिल्यापासून एकमेकांत गुंतलेले आहेत. माणसाला हसू कशाने येते हा एक, आणि कोणी कोणाला हसलेले समाजाला चालते हा दुसरा. पहिल्याची उत्तरे तत्त्वज्ञ आणि भाषाशास्त्रज्ञ शोधत आले, दुसऱ्याची मानवशास्त्रज्ञ आणि समाजशास्त्रज्ञ. स्वतंत्र विद्याशाखा म्हणून हा अभ्यास अजून तरुणच आहे. वेल्समधील कार्डिफ येथे १९७६ साली विनोद आणि हास्य या विषयावरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि १९८८ पासून ‘ह्यूमर’ हे केवळ या विषयाला वाहिलेले संशोधनपत्र निघू लागले.

विचार मात्र फार जुना. भरताच्या नाट्यशास्त्राने विकृत वेष, विसंगत अलंकार, वेडेवाकडे बोलणे ही हास्यरसाची कारणे सांगितली आणि हसण्याचे सहा प्रकार पाडले. त्यांतले स्मित आणि हसित उत्तम पात्रांचे, विहसित आणि उपहसित मध्यमांचे, अपहसित आणि अतिहसित अधमांचे. किती आणि कसे हसावे हे माणसाच्या दर्जावर ठरते, ही जाणीव या वर्गवारीतच आहे. युरोपात टॉमस हॉब्ज याने १६५१ मध्ये हसण्याचे मूळ दुसऱ्यापेक्षा आपण वरचढ असल्याच्या अचानक जाणिवेत पाहिले. कांटने १७९० मध्ये ते ताणलेली अपेक्षा एकाएकी फोल ठरण्यात पाहिले, तर फ्रॉइडने १९०५ मध्ये दडपलेल्या भावनांना मिळणाऱ्या वाटेत. मराठीत न. चिं. केळकरांनी ‘हास्यविनोदमीमांसा’ लिहून या चर्चेला ग्रंथरूप दिले. यांतली कोणतीही एक उपपत्ती सगळे हसणे उलगडत नाही. प्रत्येकीला विनोदाची एकेक बाजू नीट दिसली, एवढे म्हणणे न्याय्य ठरेल.

भाषेच्या अंगाने मोठी झेप घेतली ती व्हिक्टर रास्किन यांनी, १९८५ मध्ये. त्यांच्या मते विनोदी मजकूर परस्परविरोधी अशा दोन प्रसंगचित्रांत एकाच वेळी बसतो. एक माणूस म्हणतो, ‘डॉक्टर, रात्री सारखी झोप लागते हो, काहीतरी औषध द्या.’ डॉक्टर म्हणतात, ‘रात्री झोप लागते ती चांगलीच की! काम काय करता?’ ‘रखवालदार आहे.’ शेवटच्या उत्तरापर्यंत ऐकणाऱ्याच्या मनात निरोगी माणसाची रात्र असते. त्या उत्तरासरशी तीच रात्र पहाऱ्याची होते आणि आधीचे प्रत्येक वाक्य नव्या अर्थाने बरोबर बसते. १९९१ मध्ये साल्वातोरे अत्तार्दो यांच्यासह रास्किन यांनी हा सिद्धांत वाढवला आणि विनोदाचे सहा घटक मानले. त्यांतला एक घटक लक्ष्याचा, म्हणजे विनोद कोणावर आहे याचा. भाषाशास्त्राला समाजाचे दार उघडावे लागते ते इथेच.

समाजात थट्टेची वाट आखलेली असते. ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ रॅडक्लिफ-ब्राउन यांनी १९४० मध्ये आफ्रिकेतील समाजांच्या आधारे थट्टेच्या नात्यांवर निबंध लिहिला. माणूस मेहुण्या-मेहुणींची चेष्टा करतो, त्यांनी ती रागावून घ्यायची नसते. सासूसासऱ्यांपुढे मात्र तो अदबीने दूर राहतो. लग्नाने जोडलेल्या घराण्यांत जवळीक असते आणि भांडणाची शक्यताही असते. थट्टा आणि अदब हे ती शक्यता आवरण्याचे दोन उपाय, असे त्यांचे म्हणणे. मराठी वाचकाला हे परके वाटण्याचे कारण नाही. लग्नात नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो आणि मानाची भेट घेऊनच तो सोडतो. एरवी जो अपमान ठरला असता, त्याला त्या मांडवात विधीचा मान असतो.

जिथे नाते नसून अधिकार असतो, तिथले चित्र इतके सुखद नाही. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रोझ कोझर यांनी एका मनोरुग्णालयातील कर्मचाऱ्यांच्या बैठकांचे निरीक्षण करून १९६० मध्ये निष्कर्ष मांडले. वरिष्ठ अधिक विनोद करीत आणि त्यांचा रोख खालच्यांकडे असे. कनिष्ठ विनोद करीत ते रुग्णांवर किंवा स्वतःवर. समोर बसलेल्या वरिष्ठावर कोणीच विनोद केला नाही. बैठकीतले हास्य मोकळेपणाचे वाटले तरी त्याला उतरंडीची शिस्त होती. कोणत्याही कचेरीत साहेबांच्या विनोदावर उठणारे हसू ज्याने ऐकले आहे, त्याला हे पटायला वेळ लागणार नाही. हसण्यासाठी विनोदच लागतो असेही नाही. रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी लोकांच्या गप्पांतली सुमारे १,२०० हास्ये नोंदवली. त्यांतली बहुसंख्य ज्या वाक्यांनंतर आली त्यांत विनोदी असे काहीच नव्हते. हसणे हा मुख्यतः सोबतीचा, संबंध राखण्याचा व्यवहार आहे.

शिक्षणात हे सगळे धागे एकत्र येतात, कारण वर्गात भाषा असते आणि अधिकारही असतो. कॅप्लन आणि पास्को यांच्या १९७७ मधील प्रयोगात विनोदी उदाहरणांच्या व्याख्यानाचा फायदा लगेच घेतलेल्या चाचणीत दिसला नाही. सहा आठवड्यांनी मात्र त्या उदाहरणांशी निगडित भाग विद्यार्थ्यांना अधिक आठवला. इस्राएलचे अभ्यासक अवनेर झिव यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात संख्याशास्त्र शिकणाऱ्यांचे दोन गट होते. ज्या गटाला पाठाशी जोडलेले मोजके विनोद सत्रभर ऐकायला मिळाले, त्याचे अंतिम परीक्षेतील गुण जास्त भरले. नंतरच्या सगळ्याच प्रयोगांत असा स्वच्छ परिणाम आढळला नाही. मात्र विषयाशी सांधलेला विनोद उपयोगी पडतो आणि विद्यार्थ्याला लक्ष्य करणारा घातक ठरतो, याकडे संशोधनाचा कल स्पष्ट आहे.

याचे कारण कोझर यांच्या बैठकांमध्येच सापडते. शिक्षकाने एखाद्या मुलाच्या उच्चारावर, कपड्यांवर किंवा बोलीवर कोटी केली की सारा वर्ग हसतो, पण त्या मुलाला उलट कोटी करण्याची सोय नसते. पुढच्या वेळी ते मूल हात वर करत नाही. शिक्षकांच्या प्रशिक्षणात फळ्यावर कसे लिहावे, प्रश्न कसा विचारावा हे शिकवले जाते. विनोद कोणावर करावा आणि कोणावर करू नये, हेही तिथे तितक्याच गांभीर्याने शिकवले गेले पाहिजे.